झाडे मोजली, रानाचे काय?

कॅनडातील सडबरी येथे तांबे आणि निकेल वितळविणाऱ्या भट्ट्यांच्या गंधकयुक्त धुराने मैलोगणती रान नष्ट झाले. माती आम्ल व विषारी बनली आणि उघड्या उतारांवरून वाहून गेली. पुढे धूर कमी झाला. पण टेकड्या आपोआप हिरव्या झाल्या नाहीत. 1978 पासून तेथे चुनखडीची भुकटी हातांनी पसरण्यात आली, गवत पेरले गेले, मग रोपे लावली गेली. राबणाऱ्यांत विद्यार्थी होते, तसेच कपातीत रोजगार गमावलेले कामगारही. झाडांची संख्या एक कोटीपलीकडे गेली. तरीही त्यांच्या सावलीत जुन्या जंगलातील लहान वनस्पती फारशा परतल्या नाहीत. अखेर 2010 पासून निरोगी जंगलाच्या तळाचे, माती-मुळांसकट कापलेले तुकडे तेथे नेऊन बसवावे लागले.

धाराशिव जिल्ह्यातील रान धुराने गेले नाही; ते कुऱ्हाडीने आणि बेसुमार चराईने गेले. माती गेली, बी गेले, हा परिणाम मात्र तोच. जिल्ह्याचे वनाच्छादन आज एक टक्क्याहूनही कमी आहे. 1997 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेला येडशी-रामलिंग घाट सुमारे 22 चौरस किलोमीटरचा. बालाघाटच्या उघड्या माळांना बी पुरवू शकेल असे याहून मोठे भांडार जिल्ह्यात क्वचितच सापडेल.

राज्याने 2017 ते 2019 या काळात 50 कोटी झाडांचा संकल्प सोडला. त्यांपैकी 33 कोटी एकट्या 2019 चे! आकडाच उद्दिष्ट ठरला, की गिरिपुष्पासारखे कोठेही रुजणारे आणि गुरे सहसा तोंड न लावणारे परके झाड सोयीचे वाटते. त्याचा पाला उत्तम खत आहे; बांधावर ते जरूर असावे. परंतु डोंगरभर तेच लावले, तर गुराख्याला पवन्या-मारवेल कोठून मिळणार? धावडा, पळस, शतावरी यांना जागा कोठे उरणार? दुष्काळात याच चाऱ्यावर अल्पभूधारकाची गाय तगते.

1972 च्या दुष्काळात मजुरांनी माळावर खड्डे खणले, बांध घातले. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. खड्ड्याच्या मापावर मजुरी देण्याची पद्धत तेव्हाची. आता ग्रामसभांनी निराळी मागणी लावून धरली पाहिजे: वनखात्याच्या परवानगीने स्थानिक बी गोळा करणे, त्याची रोपवाटिका चालविणे आणि लावलेले रान निदान पाच वर्षे राखणे, या कामांना पूर्ण मजुरी मिळावी. राखलेल्या माळावरचे गवत कापून नेण्याचा पहिला हक्क गावातील भूमिहीनांचा असावा. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने जगलेल्या झाडांबरोबर जातीही मोजाव्यात, झाडाखालच्या गवतासह.