पाचट पेटतं तेव्हा

कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात ऊस तुटला की रानात पाचट पेटतं आणि दोरीवरच्या धुण्यावर काजळी बसते. ही मोठी काजळी बरीचशी नाकातच अडकते. २.५ मायक्रॉनहून बारीक कण मात्र फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथं जंतू गिळणाऱ्या राखणदार पेशी असतात. कणांनीच पोट भरलं, की जंतू गिळायला त्या कमी पडतात. २०१७ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठानं उंदरांवर केलेल्या प्रयोगात, काजळीमुळे नाकातले न्यूमोनियाचे जंतू फुफ्फुसात पोचलेले दिसले. चुलीचा धूरही यातलाच; तो तर घरातच कोंडतो. पाचटाची कुट्टी सरीत ठेवली तर ओल टिकते, खतही होतं. तरीही पेटवणारच असाल, तर शेजारी तान्हं बाळ किंवा दमेकरी आहे का, हे आधी विचारा तरी!