मारधाडीच्या चित्रपटातील अवीची

बंदुका, गर्दचा व्यापार आणि मुडदे यांनी भरलेल्या चित्रपटात बौद्ध विचार शोधावयाचा, हे आपणांस विपरीत वाटेल. पण हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स' (2002) या चित्रपटाचे मूळ चिनी नाव पाहा. त्याचा शब्दशः अर्थ 'खंड नसलेला मार्ग'. सर्वांत खालच्या नरकाला, अवीचीला, चिनी भाषांतरकारांनी हाच 'खंड नसलेला' शब्द योजला. देवदत्त तेथेच गेला, असे ग्रंथ सांगतात.

कथा साधी आहे. पोलीस आपला माणूस गुंडांच्या टोळीत पेरतात. टोळी आपला पोरगा पोलीसखात्यात घुसवते. पहिल्याला (टोनी ल्युंग) आपले खरे नाव परत हवे आहे. दुसऱ्याची (अँडी लाऊ) गंमत बघा. बढत्या मिळवता मिळवता त्याला खरोखरच चांगला पोलीस व्हावेसे वाटू लागते! त्यासाठी तो काय करतो? टोळीच्या म्होरक्याला गोळी घालतो, पहिल्याची सरकारी नोंद पुसतो. गच्चीवर दोघे समोरासमोर येतात तेव्हा तो चांगले होण्याची संधी मागतो. स्वतःला कायद्याच्या हवाली मात्र करीत नाही. बुद्धाने कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितले. मग याची चेतना शुद्ध म्हणावयाची काय? मला तरी येथे तृष्णाच दिसते. चांगुलपणाचीही तृष्णा असते, आणि ती ओळखू येत नाही, एवढेच.

स्कोर्सेसीने यावरून 'द डिपार्टेड' (2006) केला, त्याला ऑस्करही मिळाले. त्यात हा लबाड शेवटी मारला जातो, हिशेब मिटला. हाँगकाँगच्या चित्रपटाच्या चीनमध्ये दाखविलेल्या आवृत्तीत त्याला अटक होते. मूळ चित्रपटात मात्र तो जिवंत राहतो, पोलीस म्हणून मानाने वावरतो, आणि शिक्षा हीच आहे. अवीचीत दुःखाला विसावा नाही.

आता एक मौज सांगतो. वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'च्या चिनी भाषांतरात हीच तीन अक्षरे 'आनंतर्यमार्ग' या संज्ञेसाठी येतात. क्लेश तुटतो तो क्षण, आणि त्याला लागूनच विमुक्ती. दिग्दर्शकांच्या मनात हे होते, असे मी म्हणणार नाही. पण गच्चीपासून लिफ्टपर्यंत ते दोघे जातात, तेवढ्या पावलांत तो स्वतःहून शरण गेला असता तर? चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा पिस्तुलाकडे नको, तेवढा वेळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.