दोन नट आणि एक रहस्य

रॉबर्ट डी नीरो आणि अल पचीनो हे अमेरिकन चित्रसृष्टींतील दोन थोर नट. १९७४ च्या ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागांत दोघेही होते, पण एकाही प्रसंगांत समोरासमोर आले नाहींत. १९९५ च्या ‘हीट’मध्यें दरोडेखोर आणि पोलीस म्हणून ते कॉफी घेत बसतात. पुन्हां गांठ पडली तर जीव घ्यावयास कचरणार नाहीं, असें दोघेही शांतपणें सांगतात. प्रसंग कांहीं मिनिटांचाच, पण अंगावर कांटा येतो.

२००८ च्या ‘रायचस किल’मध्यें मात्र त्यांची जवळजवळ अखंड सोबत आहे. कायद्याच्या हातून निसटलेल्या गुन्हेगारांना मारून प्रेताजवळ पद्य ठेवणाऱ्या खुन्याचा हे न्यूयॉर्कचे दोन पोलीस शोध घेतात. टीकाकारांनीं चित्रपटाला झोडपलें, तें योग्यच. खुनी कोण हें शेवटपर्यंत लपवावयाचें, तर नटाच्या मुद्रेवर खरें मन उमटणार कसें? दिग्दर्शक जॉन ॲव्हनेट यांनीं रहस्य सांभाळलें आणि नट गमावले. ‘हीट’मधील त्या दोघांना एकमेकांपासून लपविण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें, म्हणूनच ती भेट स्मरणांत राहिली.