अपघाताच्या जागेपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे, असाच बहुधा शिरस्ता राहिला. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे मालधक्क्यावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. आम्ही डॉक्टर नाही. पण गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करताना एक गोष्ट सतत अनुभवाला आली, ती अशी की, अपघात झाला म्हणजे पहिला निरोप आमच्याकडे येतो आणि डॉक्टरांकडे मागाहून जातो. जखमी माणूस डॉक्टरांच्या हाती पडण्यापूर्वी तुमच्या-आमच्या हातून जातो. त्या मधल्या वाटेविषयी आज बोलायचे आहे.

सन २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्र सरकारच्या अहवालात नमूद आहे. परांचीवरून कोसळलेला गवंडी, न्हाणीघरात घसरलेली आजी, गच्चीवरून पडलेले मूल, यांची गणती या आकड्यात नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील शल्यविशारद डॉ. काउली यांनी अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्णतास’ म्हटले. आता साठाव्या मिनिटाला काही जादू आहे असे नव्हे. कोणी पाच मिनिटांत जातो, कोणी पाच तास तग धरतो. सांगायचा मुद्दा इतकाच की, रक्त वाहत असते तेव्हा वेळही त्याच्याबरोबर वाहत असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ४० देशांतील वीस हजारांवर जखमींना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारे औषध, अथवा तुलनेसाठी नुसते मिठाचे पाणी, टोचून पाहिले. आपला देशही त्यात होता. औषध लवकर दिलेल्यांचे प्राण अधिक वाचले. परंतु तीन तासांनंतर दिले तर त्याच औषधाने लाभ होत नाही, उलट अपायच होऊ शकतो, असे पुढच्या वर्षी त्याच आकड्यांच्या छाननीतून दिसून आले. औषध तेच, माणूस तोच; फरक केवळ घड्याळाचा.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. प्रथमोपचाराची पुस्तके उघडली की त्यांतला जखमी बहुधा धडधाकट तरुण पुरुष असतो. त्याला मार लागला की तो ओरडतो, त्याची नाडी धावते, घाम सुटतो, आणि पाहणाऱ्याला धोका कळतो. परंतु म्हातारा माणूस, गरोदर बाई आणि लहान मूल या तिघांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे शरीर इजा लपवते. वरून सारे ठीक दिसते आणि आत घात होत असतो. म्हणून तक्रार नाही म्हणजे इजा नाही, हा आपला रोजचा हिशेब या तिघांच्या बाबतीत साफ चुकतो.

प्रथम म्हाताऱ्या माणसाचे पाहू. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या काही गोळ्या अशा असतात की, कितीही रक्त गेले तरी त्या नाडीला धावू देत नाहीत. ज्याचा वरचा रक्तदाब एरवी दीडशे असतो, त्याचा एकशे दहावर आला तर आकडा चांगला दिसतो. पण त्याच्या दृष्टीने ती मोठीच घसरण असते. पासष्टीच्या पुढच्या जखमीचा वरचा दाब ११० च्या खाली गेला तर धोका समजावा, असे आता तज्ज्ञ सांगतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर लहानशा मारानेही डोक्यात रक्त झिरपत राहते. आणि वयोमानाने मेंदू थोडा आक्रसलेला असल्यामुळे ते बराच वेळ जाणवतही नाही.

आमच्या माहितीतील एका गोदामाचे रखवालदार, वय सत्तरीच्या आसपास, पायरीवरून घसरून पडले. रक्ताचा थेंब नाही. उठून बसले, चहा घेतला, ‘काही नाही झालं रे पोरांनो’ म्हणाले. हृदयासाठी त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. संध्याकाळी ते पेंगू लागले. वयामुळे पेंगतात असे सर्वांना वाटले. रात्री ते गेले. सबंध दिवस मोटार दारात उभी होती, रुग्णालय चार मैलांवर होते. उणीव होती ती एवढे विचारणाऱ्या माणसाची: ‘काका, गोळ्या कोणत्या घेता?’

दुसरी गरोदर बाई. नाक्यावरच्या आमच्या कितीतरी भगिनी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर घमेली वाहतात. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. त्यामुळे बरेच रक्त गेले तरी तिची नाडी आणि दाब सांभाळून राहतात. कसे सांभाळतात? शरीर आपले हृदय आणि मेंदू जगवण्यासाठी गर्भाशयाचा पुरवठा आधी तोडते. आई सावधपणे बोलत असते आणि पोटातला जीव गुदमरत असतो. पोटाला बसलेल्या साध्या धक्क्यानेही वार सुटू शकते, आणि ते रक्त आतच साठून बाहेर दिसतही नाही. पाचव्या महिन्यानंतर अशा बाईला उताणे निजवले तर गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. तिला डाव्या कुशीवर ठेवावे. मणक्याला मार असल्याचा संशय असेल तर फळीवर सरळच बांधावे, आणि फळीच्या उजव्या कडेखाली घोंगडीची घडी सरकवून सबंध फळी डावीकडे कलती करावी. खर्च एका घोंगडीचा आणि लाभ दोन जिवांचा. पडल्यानंतर तिला बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच. तिथे निदान चार तास बाळाचे ठोके पाहावे लागतात. आणि बाळाला वाचवण्याचा मार्ग आईला वाचवणे हाच आहे, याविषयी कोणी वाद घालू नये.

तिसरे मूल. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त असते अवघे आठशे मिलिलिटर, म्हणजे मोजून चार पेले. मोठ्या माणसाने पेलाभर रक्त गमावले तर तो चालत घरी जाईल. मुलाच्या बाबतीत तो चौथा हिस्सा झाला. तरीही मुलाचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. म्हणून दाबाची वाट न पाहता त्याची धावती नाडी, थंड पडलेले हातपाय आणि विशेषतः त्याचे गप्प होणे पाहावे. रडणारे मूल पुष्कळदा बरे. एवढे लागूनही निमूट पडलेले मूल धोक्याचे. त्याच्या बरगड्या लवचिक असतात. त्या मोडत नाहीत, पण आत फुप्फुसाला आणि प्लीहेला इजा होते. डोके अंगाच्या मानाने मोठे असल्यामुळे फळीवर निजवताच मान पुढे झुकून श्वास कोंडतो. खांद्यापाठीखाली पंचाची घडी घालावी. म्हाताऱ्याचे याच्या उलट: पाठीला पोक असेल तर ती दाबून सपाट करू नये, डोक्याखाली उशाला घ्यावे.

आता हातांनी करायची कामे. वाहत्या जखमेवर स्वच्छ फडके ठेवून तळहाताने जोराने दाबावे आणि दहा मिनिटे उचलून पाहू नये. हळद, चहापूड काही भरू नये. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा सोडून, रुंद पट्टी काठीने पिळून रक्त थांबेपर्यंत आवळावी आणि वेळ लिहून ठेवावी. तार किंवा सुतळी वापरू नये. जखमीला हातापायांना धरून, झोळी करून रिक्षात कोंबू नये. डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून उचलावे. पाणी पाजू नये. ओले कपडे काढून पांघरूण घालावे, कारण अंग गार पडले की रक्त गोठण्याची शक्तीच मंदावते. म्हाताऱ्यांना आणि मुलांना ही बाधा आधी होते. आणि जवळचा दवाखाना म्हणजेच योग्य दवाखाना असे समजू नये. शस्त्रक्रियेची सोय आणि रक्तपेढी जिथे आहे तिथे या तिघांना मार कमी दिसला तरी न्यावे, आणि कोण येत आहे हे आधी फोनने कळवावे.

हे सारे शिकलेल्यांचे काम, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराची हकीकत सांगतो. तेथील हिल नावाच्या वस्तीत गरीब काळे लोक राहत. जखमींना तिथे पोलिसांच्या गाडीत घालून नेत. उपचार वाटेत काहीच नाही. १९६७ साली डॉ. पीटर साफार यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच वस्तीतल्या बेकार माणसांना शिकवून ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना कोणी नोकरी देत नव्हते, ती माणसे श्वासनलिकेत नळी घालायला शिकली आणि त्यांनी त्या विद्येचा पाया घातला. १९७५ साली नगरपालिकेने ही सेवा बंद करून आपली स्वतःची सुरू केली. सेवा गेली, पण गरिबांचे हात हे काम करू शकतात हे सिद्ध होऊन गेले.

आपल्या महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, गाडीत डॉक्टर असण्याची योजना झाली, ही मोठीच गोष्ट. परंतु गाडी पोचेपर्यंतची मिनिटे कोणाची? ती आपलीच. लोक पुढे होत नाहीत याचे कारण निष्ठुरपणा नव्हे. पोलीस-कोर्टाची भीती हे आहे. ती भीती आता धरण्याचे कारण नाही. जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिला. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दावा वा खटला चालत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ साली रस्त्यावरील अपघातग्रस्तांना, नेमून दिलेल्या रुग्णालयांत, सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजनाही जाहीर झाली.

राहिला प्रश्न तयारीचा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४५ व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि पाचशेंहून अधिक कामगार असतील तिथे उपचारखोली घालून दिली होती. पेट्या आल्या, परंतु कित्येक ठिकाणी पेटी साहेबाच्या खोलीत आणि किल्ली साहेबाच्या खिशात, हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला. आणि जी बाई नाक्यावर उभी आहे तिला तर कारखानाही नाही आणि पेटीही नाही.

म्हणून या गावाकडे आमचे मागणे असे. एसटी स्थानक, बाजार समिती, रिक्षातळ, नाका आणि मोठे बांधकाम अशा प्रत्येक ठिकाणी दोन माणसे तरी शिकवून तयार करावीत. हे शिक्षण कामाच्या वेळेत आणि पूर्ण मजुरी देऊन व्हावे. रोजंदारीच्या माणसाला दिवस बुडवून परोपकार शिकायला सांगणे हा न्याय नव्हे. त्या शिक्षणात म्हातारा, गरोदर बाई आणि मूल यांचा धडा पहिला असावा, परिशिष्टात नसावा. फळी, घोंगडी आणि रुंद पट्ट्या उघड्या जागी, कुलपाविना ठेवाव्यात. आणि आपण प्रत्येकाने आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या खिशात वा पिशवीत ठेवावी. या शेवटच्या कामाला ना नगरपालिकेचा ठराव लागतो, ना सरकारची मंजुरी.