रक्तात उतरलेला पाचक रस

ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास सावकाश चावीत राहिले, तर थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो. साखर तर कोणी घातलेली नसते. लाळेतील अमायलेज नावाचे विकर भाकरीतील पिष्टाचे तुकडे करून ती तयार करीत असते. मोड आलेल्या सातूतून हेच कार्य करणारे द्रव्य पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ साली वेगळे केले होते.

आपल्या देहात हे विकर स्वादुपिंडातही तयार होते. जठराच्या पाठीमागे आडवे दडलेले हे पिंड आपला रस लहान आतड्यात सोडते. रक्तात अमायलेजचा थोडासाच अंश असावयाचा. परंतु पित्ताशयातील खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा मद्याच्या अतिसेवनाने इजा झाली, म्हणजे या रसातील प्रथिने पचविणारी विकरे त्या पिंडालाच पचवू लागतात. अमायलेज बिचारे यात निरुपद्रवी! ते केवळ रक्तात उतरते आणि आतील आगीची वर्दी देते.

या दुखण्याची कळ वरच्या पोटातून पाठीकडे जाते, वांत्या होतात. आपल्याकडे अशा वेळी ‘पित्त खवळले’ असे म्हणून सोड्याचे पाणी पिऊन रात्र काढण्याची रीत आहे. ती जिवावर बेतू शकते. कारण रक्तातील अमायलेज काही तासांतच चढते आणि बहुधा तीन ते पाच दिवसांत उतरते. उशिरा आलेल्या रोग्याचा आकडा निर्दोष दिसतो, दुखणे मात्र आत चालूच असते. म्हणून कळ केव्हा सुरू झाली, हे डॉक्टरांना नेमके सांगावे. स्निग्ध पदार्थ पचविणारे लायपेज रक्तात अधिक दिवस टिकते. त्यामुळे अलीकडे त्याच्या तपासणीवर अधिक भिस्त ठेवतात.

नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून आकडा वर गेला, तर स्वादुपिंडाच्या दाहाचा संशय बळावतो. मात्र आकडा जितका मोठा तितका रोग गंभीर, असा हिशेब येथे चालत नाही. शिवाय गालगुंड झालेल्या मुलाच्या रक्तातही अमायलेज वाढते, कारण ते लाळग्रंथींतून आलेले असते. काही थोड्या माणसांत तर हे विकर रक्तातील प्रतिपिंडांना चिकटून इतके थोराड होते की मूत्रपिंडांच्या गाळणीतून ते जातच नाही. कागदावरचा आकडा पाहून अशा माणसाची झोप उडते. आणि त्याचे स्वादुपिंड तर ठणठणीत असते.