घाटात गाडी दमली, स्क्रू फिरवू का?

देवळ्यातून बोलतोय. मी दिवसभर कोड लिहितो, पण गावात प्रश्न येतो तो गाडीचा: "नांदुरीहून सप्तशृंगी गड चढताना बाईक दमते, कार्बोरेटर सेट करू का?"

थांबा. 1 किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. दर 1,000 मीटर चढलं की हवा अंदाजे 10 टक्के विरळ होते. कार्बोरेटरला हे कळत नाही, जेटचं भोक तेवढंच. म्हणून मिश्रण थोडं रिच होतं, ताकदही घटते. विरळ हवेत गेलेली ताकद कुठलाच स्क्रू परत देत नाही. गिअर खाली टाका, बस्स! वर लीन केलेली गाडी खाली आली की आणखी लीन होते आणि इंजिन तापतं.

गाडी सपाटीवरही दमत असेल, तर आधी एअर फिल्टर बघा. कांदा मार्केटच्या रस्त्यावरची धूळ त्यातच बसते. मग इंजिन गरम करून स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. हा तुमचा बॅकअप. तेवढाच परत बाहेर काढा, मग पाव-पाव फेरा फिरवत जा. आयडलिंग सगळ्यात चढं आणि स्थिर होईल तिथे थांबा.

हा स्क्रू आयडलिंग आणि थोड्या रेसपुरताच. फुल रेसला मेन जेट लागतो. शेवटी प्लग बघा: काळा म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, बिस्किटी म्हणजे बरोबर.

तुमचा प्लग कुठल्या रंगाचा निघाला? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!