शिक्षकांचे शिक्षक



शाळेतील गुरुजींचे ऋण समाज मानतो. त्या गुरुजींना घडविणारे मात्र सहसा कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. एम.एड. झालेले विद्यार्थीच पुढे डी.एड., बी.एड. विद्यालयांत अध्यापक होतात. म्हणून एम.एड.चे प्राध्यापक हे शिक्षकांच्याही शिक्षकांचे शिक्षक होत.

मुंबई विद्यापीठाने १९३६ साली हा अभ्यासक्रम सुरू केला. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने एम.एड. दोन वर्षांचे केले व ५० विद्यार्थ्यांच्या तुकडीस १० अध्यापक ठरविले. संख्या कागदावर भरता येते. खरी परीक्षा पुढेच आहे.

जळकोटच्या डोंगराळ भागातील तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते आणि पहिलीत प्रमाण मराठीपुढे मुके होते. त्यास मंद म्हणावे, की त्याच्याच शब्दांनी पाठ आरंभावा? पाठ टाचणाच्या ठरीव रकान्यांत हा विवेक मावत नाही. लघुप्रबंधासाठी विद्यार्थ्याला कपाटातील जुने प्रबंध चाळावयास न लावता जो मार्गदर्शक अशा वर्गात बसवितो, तोच विभागप्रमुखपदाला शोभतो. निरीक्षण वहीत ‘आवाज मोठा ठेवा’ एवढाच शेरा मारणे कोणासही जमते. ते मूल का बोलले नाही, हे लिहावयास मात्र तासभर मागच्या बाकावर बसावे लागते.